वाचकांचे प्रश्न : वाळवंटातले सोने, आपला जांभा आणि मेटल डिटेक्टर

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे मेटल डिटेक्टर आणि सोने या एकाच विषयाभोवती फिरत असल्यामुळे या अंकातील सगळी जागा त्याच विषयाला दिली आहे. प्रश्न थोडक्यात मांडले असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : माझा धाकटा भाऊ पश्चिम ऑस्ट्रेलियात काल्गुर्ली येथे एका खाणीत नोकरीला आहे. त्याचे सहकारी सुट्टीच्या दिवशी मेटल डिटेक्टर घेऊन वाळवंटात जातात आणि कधीमधी सोन्याचे खडे घेऊन परततात. आता भावालाही असे यंत्र घ्यायचे आहे आणि त्याची किंमत आपल्या पैशांत काही लाखांच्या घरात जाते. हे यंत्र खरोखर सोने दाखवते का, आणि पुढे ते गावी आणले तर आमच्या सड्यावर त्याचा उपयोग होईल का?
— एक वाचक, राजापूर

उत्तर : आपल्या पहिल्या प्रश्नाचे सरळ उत्तर असे की, हे यंत्र सोने दाखवीत नाही. जमिनीखाली वीजवाहक असे काहीतरी आहे एवढेच ते सांगते, आणि ते काहीतरी म्हणजे सोने आहे की सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद, हे खणल्यावाचून कळत नाही. यंत्राच्या दांड्याच्या टोकाला जी चपटी तबकडी असते, तिच्यात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. त्यालाच कॉइल म्हणतात. त्यातून सतत बदलणारा प्रवाह सोडला की भोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते, ते जमिनीत शिरते, वाटेत धातूचा तुकडा असला तर त्याच्या अंगात गोल फिरणारे प्रवाह उत्पन्न होतात, आणि त्या प्रवाहांचे क्षीण क्षेत्र परत कॉइलपर्यंत पोहोचून हेडफोनमधला आवाज बदलते. मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये शोधलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन ते हेच. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरात रुतलेली बंदुकीची गोळी शोधण्यासाठी अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये याच तत्त्वावर एक उपकरण तयार केले होते. परंतु अध्यक्ष ज्या पलंगावर निजले होते त्याच्या गादीतील पोलादी स्प्रिंगांनी आवाजात गोंधळ माजवला आणि गोळी सापडली नाही. सोन्याच्या शोधात निघणाऱ्याचाही बराचसा वेळ असल्याच स्प्रिंगांशी झगडण्यात जातो.

सोने हे उत्तम वीजवाहक आहे. त्याची वाहकता तांब्याच्या साधारण सत्तर टक्के भरते. तरीही यंत्राला ते वेगळे ओळखता येत नाही, कारण परत येणारा संदेश केवळ धातूवर अवलंबून नसतो, तर तुकड्याचा आकार, जाडी, खडबडीतपणा आणि त्यात मिसळलेली चांदी या सगळ्यांवर अवलंबून असतो. निसर्गात सापडणारे सोन्याचे बहुतेक दाणे लहान, वेडेवाकडे आणि चांदीमिश्रित असतात, आणि त्यांचा संदेश ॲल्युमिनियमच्या कागदाच्या किंवा शिशाच्या छऱ्याच्या संदेशाशी इतका जुळतो की कचरा वगळण्यासाठी यंत्रावर जी सोय असते, ती वापरली तर कचऱ्याबरोबर सोनेही वगळले जाते. म्हणून सोन्याचे जाणकार शोधक प्रत्येक आवाज खणून पाहतात. ज्याला दिवसभर खिळे, तारा आणि जुन्या काडतुसांची टोपणे उकरण्याचा कंटाळा आहे त्याने हे यंत्र घेऊ नये, असे मी स्पष्ट सांगेन.

खोलीविषयी विक्रेते जे सांगतात त्याकडे जरा संशयाने पाहावे. कॉइलमधून निघालेले क्षेत्र अंतराबरोबर झपाट्याने क्षीण होते आणि तुकड्याकडून परत येणारे क्षेत्रही तितक्याच वेगाने क्षीण होते. त्यामुळे कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर असलेल्या लहान वस्तूचा संदेश अंतराच्या सुमारे सहाव्या घाताने कमी होतो. अंतर दुप्पट झाले की संदेश दुपटीने नव्हे, तर चौसष्टपटीने घटतो. तांदळाच्या दाण्याएवढे सोने चांगल्या यंत्रालाही काही बोटे खोलीपर्यंतच ऐकू येते, आणि हात-दीड हात खोलीवरची वस्तू ऐकू येण्यासाठी ती तशीच मोठी असावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात किंगोवर गावाजवळ केविन हिलियर यांना १९८० मध्ये डिटेक्टरने सापडलेला ‘हँड ऑफ फेथ’ नावाचा सोन्याचा खडा २७ किलोंहून अधिक वजनाचा होता, आणि तोसुद्धा फार खोल नव्हे, जमिनीच्या पृष्ठभागाजवळच होता. असे खडे रोज सापडत नाहीत, हे सांगायला नकोच.

आता जमिनीकडे वळू, कारण खरा प्रश्न तिथे आहे. माती म्हणजे यंत्राच्या दृष्टीने मोकळी जागा नव्हे. तिच्यात लोहाची चुंबकीय संयुगे असली तर तीही कॉइलला उत्तर देतात, आणि पुष्कळदा त्यांचे उत्तर सोन्याच्या उत्तरापेक्षा मोठे असते. सोन्याच्या शोधात दोन जातींची यंत्रे चालतात. पहिल्या जातीचे यंत्र एका ठरलेल्या वारंवारतेची लहर अखंड सोडते; नाणी शोधण्याच्या यंत्रात ही वारंवारता काही थोड्या किलोहर्ट्झची असते, तर खास सोन्यासाठी केलेल्या यंत्रात ती ४५ ते ७१ किलोहर्ट्झपर्यंत चढवलेली असते, कारण बारीक दाणे जास्त वारंवारतेलाच चांगले उत्तर देतात. ही यंत्रे हलकी आणि तुलनेने स्वस्त असतात, पण लोहयुक्त तांबड्या मातीत ती लवकर बावचळतात. दुसऱ्या जातीचे यंत्र, ज्याला पल्स इंडक्शन म्हणतात, ते प्रवाहाचा ठोका देऊन थांबते आणि त्या शांततेत जमिनीकडून येणारा विरत जाणारा प्रतिसाद ऐकते. लहान दाण्याचा प्रतिसाद काही मायक्रोसेकंदांतच विरतो, म्हणून ठोक्यानंतर यंत्र किती लवकर ऐकू लागते यावर त्याची सारी हुशारी असते. ॲडलेडच्या मिनेलॅब कंपनीने १९९० च्या दशकात अशी यंत्रे बाजारात आणली, तेव्हा ऑस्ट्रेलियातील ज्या तांबड्या जमिनी आधीच्या शोधकांनी पिंजून सोडून दिल्या होत्या, त्यांतूनच पुन्हा सोने निघू लागले. भावाला यंत्र काल्गुर्लीसाठी घ्यायचे असेल, तर या दोन जातींतील फरक समजून घेतल्याशिवाय त्याने पैसे मोजू नयेत. तिथल्या सहकाऱ्याचे यंत्र एखाद्या रविवारी मागून घेऊन स्वतः चालवून पाहावे, हे सर्वांत उत्तम.

यंत्र चालवणे तसे साधे आहे, पण सोपे नाही. सुरुवातीला कॉइल जमिनीवर काही वेळा खाली-वर करून त्या मातीशी यंत्राचा मेळ घालून घ्यावा लागतो, म्हणजे नुसत्या मातीमुळे आवाज चढत-उतरत नाही. मग हेडफोनमध्ये एक मंद, एकसुरी गुणगुण राहते, आणि सोन्याचा दाणा त्या गुणगुणीत किंचितशी उसळी किंवा कधी कधी बारीकसा खड्डा पाडतो. कॉइल जमिनीला जवळजवळ घासत, तिच्याशी समांतर ठेवून, संथपणे फिरवावी आणि प्रत्येक फेरा मागच्या फेऱ्यावर थोडा चढवावा. झुल्यासारखी ती दोन्ही टोकांना वर उचलली गेली, तर कडेच्या जमिनीतले काहीच ऐकू येत नाही. नवशिके नेमके तेच करतात. पायात पोलादी टोकाचे बूट घालू नयेत, मोबाइल दूर ठेवावा, उकरलेली माती प्लास्टिकच्या सुपलीत घेऊन थोडी थोडी कॉइलवरून फिरवावी, आणि कुदळीला एक मजबूत लोहचुंबक बांधावा, म्हणजे खिळे आपोआप त्याला चिकटतात. ज्या आवाजाचे मूळ चुंबकाला चिकटत नाही, तिथे मन थोडे धडधडते आणि धडधडावेही.

वाळवंटातच हा उद्योग का चालतो, हे कळले की आपल्या सड्याचे उत्तर आपोआप मिळते. वाळूत सोने उगवत नाही. काल्गुर्लीभोवतीचा खडक दोनशे साठ कोटी वर्षांहून जुना आहे. त्याच्या भेगांतून खोलवरचे उष्ण पाणी वाहिले आणि गारगोटीच्या शिरांबरोबर सोने मागे ठेवून गेले. पुढे तो खडक कोट्यवधी वर्षे झिजत राहिला; हलकी माती वाऱ्याने आणि क्वचित येणाऱ्या पावसाने वाहून गेली, पण पाण्याच्या एकोणीसपट जड असलेले सोने जिथल्या तिथे, पृष्ठभागाजवळ साचत गेले. झाडोरा विरळ असल्यामुळे कॉइल फिरवायला जमीनही मोकळी मिळते. सुदान, मॉरिटानिया आणि नायजर या देशांत सहारा वाळवंटात हजारो लोक डिटेक्टर घेऊन उतरले, त्याचेही कारण उघडे पडलेले जुने खडक हेच आहे. १८९३ मध्ये पॅडी हॅनन यांना काल्गुर्लीत सोने मिळाले, तेव्हा माती धुवायला पाणीच नव्हते. लोक ती उंचावरून वाऱ्यात ओतून, धान्य उफणावे तशी उफणत. त्या उफणणीचे ढिगारे आजही तिथे पडलेले असून जाणते शोधक आधी त्यांच्याच आसपास जातात, कारण वाऱ्याला जे दिसले नाही ते यंत्राला ऐकू येते. गारगोटीचे पांढरे तुकडे विखुरलेली जागा, दोन वेगळ्या खडकांची शीव, कोरड्या ओढ्याच्या तळाचा कातळ आणि त्यातील भेगा याही पाहण्याच्या जागा होत. एक दाणा मिळाला की ती जागा सोडून पुढे धावू नये. सोने एकटे फारसे नसते, म्हणून तिथेच साखळी ओढत रेघा मारून चारही दिशांनी कॉइल फिरवावी.

आपला राजापूरचा सडा पाहिला तर वरवर साम्य फार आहे. पश्चिम ऑस्ट्रेलियातही जांभा आहे आणि आपल्याकडेही जांभा आहे. तोच तांबडा रंग, तीच भोके, तीच उन्हात तापणारी उघडी जमीन. परंतु जांभा हा कुठल्या तरी खडकाचा कुजून उरलेला अवशेष असतो, आणि ज्या खडकात सोने नव्हते त्याच्या जांभ्यात ते येणार कुठून? रत्नागिरी जिल्ह्यातील बहुतेक जांभा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हापासून, म्हणजे दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेला आहे, आणि त्या लाव्हात सोनेवाल्या गारगोटीच्या शिरा नाहीत. काल्गुर्लीचे नाते सांगायचेच झाले तर ते कर्नाटकातील कोलार आणि हट्टीच्या खडकांशी सांगता येते. भरीस भर म्हणजे चिरेखाणीतून निघणारी आपली माती लोहाने इतकी भरलेली असते की साधे यंत्र तिच्यावर धरले तर ते सारखे ओरडत राहते, किंवा त्याला गप्प केले तर सगळ्याच बाबतीत गप्प होते. भावाने यंत्र तिकडेच वापरावे आणि परत येताना तिकडेच विकून यावे.

प्रश्न : माझा मुलगा पर्थ येथे असतो व मित्रांबरोबर सोने शोधायला काल्गुर्लीच्या बाजूला जाण्याचा त्याचा विचार आहे. त्यासाठी परवानगी लागते का? आई म्हणून मला त्या वाळवंटाचीच अधिक काळजी वाटते.
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : परवानगी लागते. पश्चिम ऑस्ट्रेलियात ‘मायनर्स राइट’ नावाचा परवाना खनिकर्म खात्याकडून नाममात्र शुल्कात मिळतो आणि त्याच्या आधारे मोकळ्या सरकारी जमिनीवर हाताच्या अवजारांनी शोध घेता येतो. मात्र ज्या जमिनीवर दुसऱ्याचा खाणपट्टा आहे तिथे पट्टाधारकाची लेखी संमती हवी, आणि जिथे कंपनीला केवळ शोधाचा परवाना दिलेला आहे तिथे वेगळी परवानगी काढावी लागते. राष्ट्रीय उद्याने आणि आदिवासींसाठी राखलेल्या जमिनी यांत परवानगीवाचून पाऊल टाकू नये. नकाशावर कुठली जमीन कोणाकडे आहे हे खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येते, आणि निघण्यापूर्वी ते पाहिलेच पाहिजे.

आपली काळजी रास्त आहे. त्या भागात उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांच्या वर जातो, आणि त्यांचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असतो. म्हणून शोधक मे ते सप्टेंबर या थंड महिन्यांत जातात. पाण्याची टंचाई तिथे इतकी की १९०३ मध्ये पर्थजवळच्या धरणातून पाचशे किलोमीटरहून लांब नळ टाकून काल्गुर्लीला पाणी न्यावे लागले. माणशी रोजचे किमान पाच-सहा लिटर पाणी आणि त्यावर दोन दिवसांचा शिल्लक साठा, दोन जादा टायर, आणि मोबाइलला रेंज नसताना चालणारा उपग्रह फोन किंवा संकटसूचक यंत्र त्याने बरोबर ठेवावे. सर्वांत मोठा धोका मात्र उन्हाचा नाही, तर जुन्या खाणींच्या उघड्या विहिरींचा आहे. कानांवर हेडफोन आणि नजर कॉइलवर अशा अवस्थेत चालणारा माणूस पुढची जमीन पाहत नाही. म्हणून दोघांनी मिळून जावे, गाडी कुठे लावली त्याची खूण जीपीएसमध्ये टाकावी, आणि कुठे जातो व कधी परततो हे मागे कोणाला तरी सांगून निघावे. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवण्याचा तिथला नियम त्याने पाळावा, कारण गुरे आणि गाड्या दोन्ही त्यात अडकतात.

प्रश्न : मी मस्कतला नोकरी करतो. इकडेही वाळवंटच आहे. सुट्टीच्या दिवशी डिटेक्टर फिरवून पाहावा काय?
— एक वाचक, श्रीवर्धन

उत्तर : पाहू नये. वाऱ्याने रचलेल्या वाळूच्या टेकड्यांत सोन्याचे खडे नसतात. अरबस्तानात सोने आहे ते मुख्यतः सौदी अरेबियाच्या पश्चिमेकडील प्राचीन खडकांत. तेथील महद अल-धहब ही खाण फार जुन्या काळापासून ओळखीची आहे. शिवाय परक्या देशात कामाच्या व्हिसावर असताना हातात डिटेक्टर घेऊन उजाड भागात फिरणाऱ्यावर पुरावस्तू चोरत असल्याचा संशय येऊ शकतो, आणि एवढ्या एका कारणाने नोकरी जाण्याची पाळी आली तर कुठलेही सोने ती भरपाई करणार नाही.

प्रश्न : आमच्या वाडीत एक गृहस्थ ‘गोल्ड स्कॅनर’ घेऊन आले होते. दोन लांब अँटेना असलेले ते यंत्र हातात धरले की शंभर मीटरवरचे आणि दहा मीटर खोलीचे सोने कोणत्या दिशेला आहे ते दाखवते, असे त्यांचे म्हणणे. आमच्या जुन्या घराच्या जोत्याकडे अँटेना वळल्या. ते खणण्यासाठी आगाऊ रक्कम मागत आहेत.
— एक वाचक, देवरुख

उत्तर : एक रुपयाही देऊ नये. वर अंतराचा जो हिशेब सांगितला आहे, तो वाचल्यावर शंभर मीटरवरून सोने ऐकणारे यंत्र असू शकत नाही हे आपल्या लक्षात येईल. हातात सैल धरलेली अँटेना मनगटाच्या नकळत होणाऱ्या हालचालीने वळते. तळहातावर आडवा ठेवलेला नारळ पाण्याच्या जागी उभा राहतो असे म्हणतात, त्यातलाच हा प्रकार आहे. जेम्स मॅककॉर्मिक नावाच्या ब्रिटिश गृहस्थाने याच धर्तीचे एडीई ६५१ नावाचे उपकरण बॉम्बशोधक म्हणून इराकसारख्या देशांना विकले. ते गोल्फचा हरवलेला चेंडू शोधण्याच्या नावाखाली विकल्या जाणाऱ्या एका स्वस्त खेळण्यावर बेतलेले होते, आणि २०१३ मध्ये ब्रिटनच्या न्यायालयाने त्याला दहा वर्षांची शिक्षा ठोठावली. आपल्या घरी आलेल्या यंत्राची परीक्षा घ्यायची असेल तर सोपी आहे. पाच एकसारखे डबे उपडे ठेवून एकाखाली सोन्याची अंगठी लपवावी, लपवणाऱ्याला तेथून दूर पाठवावे, आणि मग त्या गृहस्थांना डबा ओळखायला सांगावे. असे लागोपाठ दहा वेळा करावे. बहुधा परीक्षा सुरू होण्याआधीच यंत्राची बॅटरी संपेल.

गुप्तधनाच्या नादात पुढे पूजा, पायाळू माणूस आणि त्याहून भयंकर मागण्या येऊ लागतात, म्हणून इथेच थांबावे. गुप्तधनाच्या शोधासाठी केल्या जाणाऱ्या अघोरी कृत्यांना महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरवले आहे. आणि समजा, जोत्याची दुरुस्ती करताना खरोखरच हंडा निघाला, तरी तो गपचूप घरात नेता येत नाही. १८७८ चा भारतीय निखात निधी कायदा अजून लागू आहे. दहा रुपयांहून अधिक किमतीचे जमिनीत दडलेले धन सापडल्यास शोधणाऱ्याने काय सापडले, कुठे आणि केव्हा सापडले हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे, आणि न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित किल्ल्यांच्या आणि जुन्या मंदिरांच्या आवारात तर डिटेक्टर घेऊन जाण्याचा विचारही कोणी करू नये. मागे राहिलेला एक खड्डा तिथला कित्येक शतकांचा पुरावा विस्कटून टाकतो.

प्रश्न : सिंधुदुर्गात सोने असल्याच्या बातम्या मध्यंतरी वाचल्या. आमच्या व्हाळात पावसाळ्यानंतर चकाकणारे पिवळे कण दिसतात. डिटेक्टर मागवावा का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : सिंधुदुर्गाचा दक्षिण भाग रत्नागिरीपेक्षा वेगळा आहे, हे खरे. तिथे लाव्हाखालचे फार जुने खडक उघडे पडलेले आहेत, म्हणूनच रेडीला लोहखनिज मिळते. परंतु खडकात सोने असणे आणि ते डिटेक्टरला ऐकू येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. खाणीच्या खडकात सोने टनामागे काही ग्रॅम इतकेच आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांत विखुरलेले असते. अशा खडकाचा डोंगर कॉइलखाली ठेवला तरी यंत्र गप्पच राहते. ते शोधण्याचे काम नमुने घेऊन प्रयोगशाळेत करायचे असते, आणि १९५७ च्या खाणी व खनिजे कायद्यानुसार परवान्याशिवाय खनिजाचा शोध घेता येत नाही.

व्हाळातील कण बहुधा अभ्रकाचे किंवा सोनमाखीचे असावेत. एक कण काचेवर ठेवून सुईच्या टोकाने दाबावा: सोने चेपते, सोनमाखीचा भुगा होतो, आणि अभ्रकाचे पापुद्रे सुटतात. सावलीत धरून पाहिले तर सोन्याचा रंग तसाच राहतो, अभ्रकाची चकाकी मात्र ऊन गेले की जाते. थाळीत पाणी घेऊन हलके फिरवल्यावर जे वाहत्या पाण्याबरोबर निघून जाते ते सोने नव्हे. सोने काळ्या वाळूच्याही तळाशी बसते.

प्रश्न : अनंत चतुर्दशीला विसर्जनाच्या वेळी माझ्या वहिनींचे मंगळसूत्र समुद्रात पडले. पाणी कमरेएवढे होते. पुण्याहून डिटेक्टर मागवल्यास ते मिळण्याची शक्यता किती?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : इतर सगळ्या पत्रांच्या तुलनेत या कामी डिटेक्टर खरा उपयोगाचा आहे, मात्र यंत्र योग्य जातीचे हवे. खारे पाणी स्वतः वीजवाहक असल्यामुळे ओल्या पुळणीवर एकाच वारंवारतेचे स्वस्त यंत्र सतत खोटे आवाज देते, आणि आपल्या किनाऱ्यावर काही ठिकाणी इल्मेनाइटची काळी वाळू असते, ती त्यात आणखी भर घालते. एकाच वेळी अनेक वारंवारता वापरणारे किंवा पल्स इंडक्शनचे, आणि नुसती कॉइल नव्हे तर संपूर्ण यंत्र पाण्यात चालणारे असेल, तरच ते भाड्याने आणावे.

दुसरी अडचण दागिन्याचीच आहे. अंगठी हे अखंड कडे असल्यामुळे तिच्यात प्रवाह मोकळा फिरतो आणि ती मोठ्याने बोलते. साखळीत मात्र प्रत्येक कडीपुरताच प्रवाह फिरतो, त्यामुळे पाच तोळ्यांची बारीक साखळी एका साध्या अंगठीपेक्षा क्षीण वाजते. काळ्या मण्यांचा आवाज येतच नाही. मंगळसूत्राच्या दोन वाट्याच काय त्या ऐकू येतील, म्हणून घरात असलेले तशाच घडणीचे दुसरे मंगळसूत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून ओल्या वाळूत वीतभर पुरावे आणि यंत्रवाल्याला आधी तो आवाज ऐकवावा. मगच समुद्रात शिरावे.

वेळ साधणे सर्वांत महत्त्वाचे आहे, आणि ते आपल्या गावच्या खारवी मंडळींना कोणाही यंत्रवाल्यापेक्षा चांगले कळते. अनंत चतुर्दशी ही पौर्णिमेच्या आदल्या दिवशी येते, म्हणजे ते दिवस उधाणाचे असतात; भरती दुपारी आणि मध्यरात्रीच्या सुमारास, तर ओहोटी पहाटे आणि सायंकाळी असते, आणि पौर्णिमेनंतरचे एक-दोन दिवस पाणी सर्वांत दूरवर हटते. विसर्जनाच्या वेळी कमरेएवढे पाणी होते ती जागा त्या पहाटेच्या ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यात येऊ शकते. हे दिवस आता हुकले असले तरी पुढची अमावास्या आणि पौर्णिमा आहेच. मात्र दिवाळीपर्यंत थांबू नये, कारण पावसाळ्यात खरवडलेल्या पुळणीवर त्यानंतर समुद्र पुन्हा वाळू आणून टाकू लागतो आणि दागिना यंत्राच्या आवाक्याबाहेर गाडला जातो. विसर्जनाचे फोटो कोणी काढले असतील, तर मागे दिसणारे झाड, देऊळ किंवा धक्का यांच्या रेषेवरून जागा पक्की करावी. त्या जागेभोवती दोर बांधून आधी किनाऱ्याशी समांतर आणि मग किनाऱ्याकडून समुद्राकडे अशा दोन्ही दिशांनी कॉइल फिरवावी, आणि आवाज आला की नुसत्या हाताने न चाचपता भोकांच्या खोऱ्याने वाळू उचलून चाळावी, नाहीतर दागिना प्रत्येक ओंजळीबरोबर आणखी खाली सरकतो.